नोंदीबाहेर

"हे तुम्ही कुठे लिहिणार आहात का?"

गुरुवारचा आमचा झूमवरचा तास अर्धा होत आला होता. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या पश्चिमेकडच्या एका लहान गावात सातवीला गणित शिकवणारी, पहिल्याच वर्षाची शिक्षिका. तिला मी इथे मारिसोल म्हणते. मी तिची मेंटॉर, नव्या शिक्षकाच्या सोबतीला दिलेली जुनी शिक्षिका. (हे लिहू का, असं मी तिला विचारलं होतं. नाव बदला, शाळा सांगू नका, बाकी खुशाल लिहा, म्हणाली.) शाळा सुटून गेलेली, तिच्या मागच्या फळ्यावर अर्धवट पुसलेली संख्यारेषा, शून्याच्या डावीकडचे आकडे तेवढे शिल्लक. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी व्हॅक्यूम फिरवत होतं आणि दर दोन मिनिटांनी तो आवाज तिच्या दाराशी येऊन परत जात होता. ती काहीतरी सांगायला पुढे सरसावली, लॅपटॉपच्या इतकी जवळ आली की नुसतं कपाळ आणि डोळे दिसायला लागले. आणि मग थांबून तिनं हा प्रश्न विचारला. मी म्हटलं, नाही, नाही लिहिणार. तिनं मान हलवली, मागे टेकली, आणि मुलांच्या बसायच्या जागा बदलाव्यात का याबद्दल बोलायला लागली. तास संपल्यावर मी नेहमीसारखा लॉग भरला. तारीख, वेळ, चर्चा शिकवण्याच्या कोणत्या मानकावर झाली. यादीतून 'मानक २ : वर्गातलं वातावरण' निवडलं, सेव्ह केलं, स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. तो प्रश्न मात्र चार दिवस माझ्या मागे होता. तिनं अविश्वास दाखवला म्हणून नव्हे. प्रश्न अगदी बरोबर होता, म्हणून.

कॅलिफोर्नियात शिक्षक व्हायचं तर पदवीनंतरचा अभ्यासक्रम, परीक्षा, सराव पाठ हे सगळं उरकून हातात पडतं ते लर्निंग लायसन्स. त्याला म्हणतात प्रिलिमिनरी क्रेडेन्शियल. ५ वर्षं चालतं. त्या मुदतीत ते 'क्लिअर' करून घ्यावं लागतं, आणि त्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे नोकरी करता करता दोन वर्षांचं इंडक्शन, म्हणजे मेंटॉरच्या सोबतीनं शिकत राहणं. सॅक्रामेंटोच्या क्रेडेन्शियल कमिशननं त्याचे नियम घालून दिलेत आणि, सरकारी नियमांबद्दल असं सहसा म्हणवत नाही, पण ते नियम शहाण्या माणसांनी केल्यासारखे वाटतात. नाव नोंदवल्यापासून ३० दिवसांत मेंटॉर मिळाला पाहिजे. ६० दिवसांत त्या शिक्षकाची स्वतःची शिकण्याची उद्दिष्टं लिहून झाली पाहिजेत. सरासरी आठवड्याला किमान एक तास तरी मेंटॉरचा आधार मिळाला पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं : त्या शिकण्याच्या आराखड्यात जे काही आहे ते फक्त त्या शिक्षकाच्या वाढीसाठी, नोकरीतल्या मूल्यमापनासाठी ते वापरायचं नाही. म्हणजे मी मारिसोलची साहेब नाही. तिची नोकरी राहावी की जावी यात माझा शब्द नाही, आणि असू नये. हे तिलाही पहिल्याच भेटीत वाचून दाखवलं होतं. पण वाचून दाखवलेलं आणि पटलेलं यात अंतर असतंच ना.

माझं स्वतःचं इंडक्शन या झूमच्या युगाआधीचं. तेव्हा त्या योजनेला बीटीएसए म्हणायचे आणि सगळे 'बिट्सा' असा उच्चार करायचे, एखाद्या लाडक्या कुत्र्याचं नाव असावं तसा. १९८८ पासून चाचपणी, १९९२ मध्ये कायदा, आणि पुढे त्यासाठी राज्याचा वेगळा पैसा. माझी मेंटॉर शेजारच्या शाळेतून यायची, कागदी कपातली कॉफी घेऊन, आणि मागच्या बाकावर गुडघे मुडपून बसायची. मी एच-४ व्हिसावर आलेली, पुण्याच्या बी.एड.ची कागदपत्रं तपासून घेऊन, पुन्हा परीक्षा देऊन वर्गात उभी राहिलेली. माझं इंग्रजी चांगलं होतं, पण मुलांना माझा 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळा ऐकू येत नसे, आणि त्यावर एक नक्कल रोज व्हायची. त्या बाईंनी त्यावर काही उपदेश केला नाही. पाठ संपला की माझ्या बुलेटिन बोर्डावर स्टेपलर मारायला मदत करायच्या, आणि स्टेपलर मारता मारता आमचं बोलणं व्हायचं. दोघींचे डोळे भिंतीकडे, हात कामात. २००९ च्या मार्चमध्ये राज्यभरातल्या हजारो शिक्षकांना नोकरी जाण्याच्या नोटिसा निघाल्या, त्या गुलाबी कागदाच्या भीतीत आमच्या शाळेचा पूर्ण महिना गेला, तेव्हाही मी जे काय बोलले असेन ते त्या भिंतीकडे बघूनच. झूमवर हेच नाही. झूमवर दोन माणसं तासभर एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसतात. लग्न ठरवायला गेल्यासारखं.

तरीही मी ऑनलाइनला नावं ठेवणाऱ्यांतली नाही. मारिसोलच्या शाळेत गणिताचे शिक्षक दोन, त्यातला एक वर्षाच्या मध्यात सोडून गेला. तिथून मोठ्या गावापर्यंत बदामाच्या बागा, टोमॅटोची शेतं, कालवे, आणि हिवाळ्यात ते टुली धुकं, ज्यात पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा गाडी अंगावर येईस्तोवर दिसत नाही. अशा सकाळी स्कूल बस दोन तास उशिरा सोडतात. त्या धुक्यातून कोणता मेंटॉर दर आठवड्याला गाडी हाकत जाणार? २०१३ मध्ये राज्यानं शाळांना पैसे द्यायची पद्धत बदलली, इंडक्शनचा वेगळा निधी सर्वसाधारण निधीत मिसळला, आणि तेव्हापासून कुठल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेत, हे फुकट, तर कुठे शिक्षकानं स्वतःच्या खिशातून हजारो डॉलर भरून ऑनलाइन करायचं, असा मामला आहे. नव्या शिक्षकाकडून त्याला आधार देण्याचे पैसे घ्यावेत हे मला अजून पचलेलं नाही. पण अंतराचा एक फायदा मी डोळ्यांनी पाहिलाय. मी तिच्या स्टाफरूममध्ये जात नाही. तिच्या मुख्याध्यापकांशी माझी ओळख नाही. तिथे कुणाचं कुणाशी पटत नाही, पार्किंगमध्ये कुणाची जागा कोणती, यातलं मला काही ठाऊक नाही. तिच्या गावात मी कुणाची कुणी नाही.

फक्त, मला तेवढंच दिसतं जेवढं ती दाखवते.

आणि तिलाही सगळं दाखवता येत नाही. पाठाचा व्हिडिओ करायचा तर मुलांच्या घरून परवानगीचा कागद सही होऊन यावा लागतो. ज्यांचा येत नाही त्यांना कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसवायचं. फोन पुस्तकांच्या कपाटावर टेकवलेला, समोर चार रांगा, आणि डावीकडे, जिथे फ्रेम संपते तिथे, कागद न आलेली तीन मुलं. त्यातला एक मुलगा मी वर्षभर फक्त ऐकला. मधल्या सुट्टीनंतरचा पाचवा तास, वर्गात पिझ्झाचा आणि घामाचा वास असणार असं नुसतं ऐकूनही कळावं असा गलका, आणि त्यात याची पेन्सिल. टक, टक-टक, टक. बाई बोलायला लागल्या की सुरू, प्रश्न विचारला की बंद. चेहरा ठाऊक नाही, उंची ठाऊक नाही. मारिसोल शिकवताना त्या बाजूला जायची तेव्हा तीसुद्धा अर्धी फ्रेमबाहेर जायची, नुसता खांदा आणि वेणी उरायची, आणि मला वाटायचं की खरा पाठ आत्ता तिथे चाललाय. मानकांच्या तक्त्यात भरायला मला जे मिळायचं ते सगळं उजवीकडच्या गुणी मुलांचं.

डिसेंबरात तिच्या मुख्याध्यापकांची मेल आली. अगदी सभ्य, दोन ओळींची : ती कशी चालली आहे, तुमचं मत कळलं तर मदत होईल. इथे दोन वर्षांच्या आत, म्हणजे शिक्षक कायम होण्याआधी, स्कूल डिस्ट्रिक्टला त्याला पुढच्या वर्षी न घेण्याचा अधिकार असतो आणि कारण सांगायची सक्ती नसते. कायद्यातली १५ मार्चची मुदत खरं तर दुसऱ्या वर्षाची, पण पहिल्या वर्षीही ही पत्रं साधारण तोवरच येतात. त्या सभ्य दोन ओळींमागे ती तारीख उभी होती. मी उत्तर लिहिलं की आम्ही नियमित भेटतो, आणि यापलीकडे मला काही सांगता येत नाही. चांगलं सांगायचा मोह फार झाला. कष्टाळू आहे, मुलांवर जीव आहे, वगैरे. पण मेंटॉरनं चांगलं सांगितलं की पुढच्या वेळी त्याचं न सांगणं हेही सांगणंच ठरतं. मेल पाठवल्यावर मला आठवली ती माझी मावशी.

मावशी १९७८ मध्ये अकोले तालुक्यात दोनशिक्षकी शाळेवर रुजू झाली. डी.एड. होऊन आलेली एकोणीस वर्षांची पोरगी, वर्ग दोन हाताखाली, टाचण वही बगलेत. तिचं इंडक्शन कुणी ठरवलेलं नव्हतं. हेडमास्तर गुरुजी गावातच राहायचे, मावशीला त्यांच्याच वाड्यात खोली मिळालेली. गुरुजी चांगले होते, पण तिचा गोपनीय अहवाल लिहायचेही तेच. विस्तार अधिकारी वर्षा-सहा महिन्यांनी यायचे, पोरांची नखं बघायचे, एकाला पाढा म्हणायला लावायचे, शेरेबुकात 'फळ्यावरील हस्ताक्षराकडे लक्ष द्यावे' असं लिहून जेवायला पाटलाकडे. तेव्हा मावशीनं एक रीत शोधून काढली, किंवा ती रीतच तिथे आधीपासून असणार. जे अडायचं ते ती गुरुजींना नव्हे, गुरुजींच्या मंडळींना सांगायची. चुलीपुढे, भाकऱ्या थापताना. एकाच खोलीत पहिली आणि दुसरी, पहिलीला पाटी दिली की दुसरी पेटते, काकू, मला रडायला येतं. काकू काही बोलायच्या नाहीत, भाकरी उलटायच्या. आणि दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर गुरुजी सहज, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणायचे की दुसरीतली मोठी दोन पोरं पहिलीला अक्षरं गिरवायला लावली की बरं पडतं. गुरुजींना कळलेलं असायचं, पण कुणी सांगितलेलं नसायचं. अहवालात लिहायला काहीच नसायचं. मावशी निवृत्त झाली तेव्हा तिच्या सेवापुस्तकात एकही वावगी ओळ नव्हती, आणि याचं श्रेय ती अजून काकूंच्या भाकऱ्यांना देते.

कॅलिफोर्नियाचा नियम वाचताना मला वाटतं, या लोकांनी काकूंनाच कायद्यात बसवायचा प्रयत्न केलाय. बसल्यात बऱ्यापैकी. मग वर लॉग ठेवलाय.

हे सगळं मी माझ्या भाचीला सांगत होते. तीही शिक्षिका झाली, २०२४ च्या भरतीत, पवित्र पोर्टलवरून, आणि नेमणूक थेट धडगावच्या डोंगरात. पुण्याच्या सपाटीवर वाढलेली मुलगी. पदाचं नाव शिक्षणसेवक, तीन वर्षं, महिना १६,००० रुपये मानधन. (२०२३ पर्यंत प्राथमिकला ते ६,००० होतं, तेव्हा ती स्वतःला नशीबवान म्हणवते, आणि ते ऐकून मला काय बोलावं ते सुचत नाही.) तिच्याकडे ऑनलाइनची काही कमी नाही. दीक्षा ॲपवर कोर्स आहेत. निष्ठाचं प्रशिक्षण २०२० मध्ये ऑनलाइन गेलं तेव्हा त्याचे १८ भाग होते, आणि तेव्हापासून भाग वाढतच आहेत. व्हिडिओ, प्रश्नावली, शेवटी नावासकट प्रमाणपत्र. ती फोन पिठाच्या डब्याला टेकवून व्हिडिओ लावते आणि भाजी चिरते. त्यातले काही खरंच चांगले असतात, असंही सांगते. शाळांच्या केंद्राचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर सकाळ-संध्याकाळ लिंका येतात. माहिती तातडीने भरावी, न भरल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल. पण तिच्या वर्गातली पोरं घरी पावरी बोलतात, आणि 'पाणी प्यायला जाऊ का' एवढं सोडून पहिले दोन महिने तिला त्यांचं काही कळत नव्हतं, हे तिनं कुणाला सांगायचं? लिंकेत तो रकाना नाही. खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी तिला शब्द शिकवले. तांदूळ निवडता निवडता.

"तुझ्याकडे त्या पोरीला दर आठवड्याला एक माणूस मिळतो?" तिनं विचारलं.

"हो."

"तासभर? फक्त तिच्यासाठी? आणि ते माणूस साहेब नसतं?"

तिच्या आवाजात हेवा नव्हता, नुसतं नवल होतं. आपल्याकडेही कागदावर हे आलेलं आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात मेंटॉरिंगच्या राष्ट्रीय अभियानाची कल्पना आहे, आणि २०२२ च्या जुलैत ३० केंद्रीय शाळांत ६० मेंटॉर घेऊन त्याची सुरुवातही झाली. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेपर्यंत ते यायचं तेव्हा येवो. मला भीती आहे ती एवढीच, की येईल तेव्हा माणसाच्या आधी पोर्टल येईल. आणि आलेला माणूस संध्याकाळी तालुक्याला अहवाल पाठवणारा निघाला तर भाची त्याच्याशीही बसायच्या जागांबद्दल बोलेल.

फेब्रुवारीत बदाम फुलतो तेव्हा तो सगळा मुलूख पांढरा-गुलाबी होतो, मधमाश्यांच्या पेट्या ट्रकनं येऊन पडतात, आणि मारिसोलला शिंका सुटतात. अशाच एका गुरुवारी, शिंका आणि टिश्यूच्या मधे, तिनं ते सांगितलं. प्रस्तावना न करता. ऋण गुणिले ऋण धन का होतं, हे तिला माहीत नव्हतं. नियम माहीत होता, गणितं सगळी बरोबर यायची, परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालेली. पण का, ते कधी कुणी सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. आणि नोव्हेंबरात त्या पाचव्या तासाच्या मुलानं, पेन्सिलवाल्यानं, विचारलं. कोण म्हणतं धन होतं? कुणी ठरवलं? ती म्हणाली, तसा नियम आहे. तो हसला. मोठ्यानं नाही, थोडंसंच. तेव्हापासून ती त्या बाजूला जायची तेव्हा तिचा घसा कोरडा पडायचा. त्या दिवशी सांगायला पुढे सरसावली होती ती हे सांगायला. गणिताच्या शिक्षकाला गणित येत नाही, हे वाक्य एकदा कुठल्याही कागदावर उमटलं की ते कुठवर जाईल, याचा तिनं माझ्यापेक्षा जास्त विचार केला होता. शेतमजुरांची मुलगी. कागदांना किती पाय असतात ते तिच्या घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे.

मी काही समजूत घातली नाही. कागद घे म्हटलं. उणे दोन गुणिले तीन. उणे सहा. गुणिले दोन? उणे चार. गुणिले एक? उणे दोन. शून्य? शून्य. आता बघ, दर पायरीला काय होतंय. दोननं वाढतंय. मग आता शून्याच्या खाली उतर, गुणिले उणे एक. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली, तिच्या कपाळावरचे केस तेवढे मला दिसत होते. मग तिनं विचारलं की इथे पायरी मोडली तर काय होईल? तर वितरणाचा नियम मोडेल, मी म्हटलं, आणि मग आम्ही ते करून पाहिलं. उणे दोन गुणिले, तीन अधिक उणे तीन. कंस शून्य, म्हणजे उत्तर शून्य. एक तुकडा उणे सहा, तर दुसरा? तास संपून गेला तरी आम्ही बसलो होतो, तिच्या खिडकीबाहेरचा उजेड गेला, दिवा लावायला कुणीच उठलं नाही. बऱ्याच दिवसांनी मी गणित शिकवलं. मोठ्या माणसाला, भीती नसताना. मला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं होतं हे खरं सांगायला हवं, आणि तिच्या आधाराच्या नावाखाली मीच आधार घेतला असंही मनात येऊन गेलं. लॉगमध्ये 'मानक ३ : विषयाची समज आणि मांडणी' निवडलं. त्याखालचा 'तपशील' हा रकाना ऐच्छिक आहे. ऐच्छिक ठेवणाऱ्याचं भलं होवो.

पुढच्या व्हिडिओत तिनं वर्गाला तीच पायऱ्यांची मांडणी करायला दिली होती. उजवीकडची मुलं वहीत मान घालून. ती चालत डावीकडे गेली, खांदा आणि वेणी. पेन्सिल थांबलेली. मग फ्रेमच्या बाहेरून, फुटायला लागलेल्या घोगऱ्या आवाजात, "म्हणजे हे कुणी ठरवलेलं नाहीये." मारिसोल काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, कुणीतरी खुर्ची ओढली. तो तुकडा मी तिला पुराव्यांच्या फोल्डरमध्ये टाकायला सुचवला. ती म्हणाली, त्यात दिसत तर काहीच नाही. खरं होतं. तिनं दुसरा टाकला, त्यात गट पाडून चर्चा दिसते.

मार्चची १५ तारीख गेली, पत्र आलं नाही. मेअखेर कार्यक्रमाकडून मेंटॉरबद्दलचे अभिप्राय आले, नावं काढून. पण यंदा माझ्याकडे शिक्षकच दोघे, आणि दुसरा विज्ञानाचा, जो कधी काही लिहीत नाही. वेळ पाळतात : पाचपैकी पाच. उपयुक्त साधनं पुरवतात : तीन. गोपनीयता राखतात : पाच. सुधारणेला वाव कुठे आहे, या रकान्यात एकच ओळ होती : आपल्या मावशीबद्दल फार बोलतात.

भाचीला वाचून दाखवलं तर ती फोनवर एवढी हसली की पलीकडे कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. मग म्हणाली, अगं आत्या, खरंच बोलतेस तू, आणि आता ठेवते, दहाच्या आत लिंक भरायची आहे.